मागची पट्टी आणि आपली परसबाग

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या आवारात झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



सांस्कृतिक समितीने मला विषय दिला 'घरच्या घरी सेंद्रिय भाजी', आणि वेळ दिला अर्धा तास. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवल्यामुळे तासाच्या हिशोबाने बोलायची सवय आहे. घंटा झाली की थांबेन, काळजी नसावी.

विषय भाजीचा असला तरी मी सुरुवात पावसापासून करणार आहे. माझी भाची स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोजवळ राहते. घरामागे तिची छोटीशी बाग आहे. बटाटे, वाटाणे, कोबीच्या जातीची केल नावाची भाजी, असं काय काय ती लावते. तिच्या भागात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या अलिबागला पडतो दोन हजारांच्या वर, म्हणजे तिच्या जवळजवळ तिप्पट. तरी मे महिन्यात टँकर कोणाच्या दारात उभा असतो? आपल्या!

असं का? तिच्याकडे पाऊस बारा महिने थोडा थोडा येतो, ऊन कोवळं असतं, मातीतली ओल टिकते. आपल्याकडे जवळपास सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. नंतरचे आठ महिने आभाळ कोरडं. म्हणजे आपल्याला पाणी कमी मिळतं असं नाही, ते आपल्याकडे थांबत नाही. आजच्या माझ्या बोलण्याचं सार एवढंच आहे. बाकीचं सगळं याच्या भोवती.

भाची ज्या पद्धतीने बाग करते तिला 'पर्माकल्चर' म्हणतात. कायमस्वरूपी टिकणारी शेती, असा त्या शब्दाचा सरळ अर्थ. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया नावाचं थंड हवेचं बेट आहे. तिथे बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या दोघांनी ही कल्पना मांडली, १९७८ साली त्यांचं पहिलं पुस्तक आलं. जंगल कोणी नांगरत नाही, त्याला कोणी खत घालत नाही, तरी ते पिढ्यान्‌पिढ्या उभं असतं. मग आपली बाग जंगलासारखी का रचू नये, हा त्यांचा मूळ प्रश्न. त्यातून काही साधे नियम आले. आधी जागा नीट बघा, मग हात लावा. पाणी आणि ऊन यांचा साठा करा. काहीही वाया घालवू नका. बागेतल्या प्रत्येक गोष्टीकडून दोन-तीन कामं करून घ्या. रोज लागणारी भाजी दाराजवळ लावा, वर्षातून एकदा लागणारं झाड लांब.

नियम चांगले आहेत. पण भाचीकडची पुस्तकं लिहिली आहेत थंड हवेसाठी. त्यांत पहिली काळजी दंवाची. भिंत अशी बांधा की दिवसभराचं ऊन धरून ठेवेल, रोपांवर काच टाका, झाडांची सावली भाजीवर पडू देऊ नका. हे सगळं आपण इथे जसंच्या तसं केलं तर एप्रिलमध्ये भाजी झाडावरच शिजेल! तिची धडपड ऊन पकडायची, आपली सावली पकडायची. तिचं खत थंडीमुळे व्हायला वर्षभर लागतं, आपलं दीड-दोन महिन्यांत होतं. तिला काळजी हिमाची, आपल्याला खाऱ्या वाऱ्याची. प्रश्न तेच, उत्तरं अगदी उलटी.

मग आपल्या हवेची उत्तरं कुठे शोधायची? मंडळी, ती आपल्या आजूबाजूला उभी आहेत. थळ, अक्षी, नागाव, चौल, रेवदंडा, हा सगळा अष्टागराचा पट्टा वाड्यांचा. माझं माहेर नागावचं, वाडीतलं. त्यामुळे हे पुस्तकात वाचायच्या आधी मी अंगणात बघितलेलं आहे.

वाडीची रचना आठवा. सगळ्यात वर नारळ. त्याच्या खाली पोफळी. पोफळीवर चढलेला मिरीचा नाहीतर पानाचा वेल. मधूनच एखादं जायफळ, रातांबा, फणस. त्याखाली केळी, आणि अगदी जमिनीलगत अळू, हळद, आलं. चार-पाच मजली इमारतच ती! वरच्या मजल्यावरचा ऊन खातो, खालचा सावलीत सुखाने नांदतो. एवढ्याशा जागेत एवढी बिऱ्हाडं, आणि भांडण नाही. (आपल्या सोसायटीने शिकण्यासारखं आहे.)

आता पाणी. विहिरीवर रहाट. रहाटाचं पाणी पाटातून प्रत्येक झाडाच्या आळ्यात. न्हाणीघराचं आणि मोरीचं पाणी गटारात जायचंच नाही, ते केळीच्या आणि अळवाच्या बुडात. नारळाची सोडणं आळ्यात पुरायची, ती स्पंजासारखी ओल धरतात. पडलेली झावळी आळ्यावरच अंथरायची, म्हणजे ऊन मातीपर्यंत पोचत नाही. मासळीची घाण नारळाच्या मुळाशी. 'काहीही वाया घालवू नका' हा नियम आमच्या आजीला कोणी शिकवला नव्हता, तिच्याकडे वाया घालवायला काही नव्हतंच.

आणि हे फक्त वाडीतच नाही, शेतातही आहे. भात कापलं की त्याच जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर वाल पेरायचे. पाणी द्यायचं नाही. वाल हे शेंगवर्गातलं पीक, त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात, पुढच्या भाताला आयतं खत. वर थंडीत पोपटी लावायला शेंगा मिळतात, हा आपला फायदा! आपला पांढरा कांदासुद्धा भातानंतरच्याच जमिनीत होतो.

कोणी म्हणेल, ही जुन्या आठवणींची भाबडी गोष्ट झाली. तसं नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने नारळाच्या बागेत जायफळ, दालचिनी, काळी मिरी, केळी, अननस अशी आंतरपिकं घेण्याची पद्धत बसवली. 'लाखी बाग' म्हणतात तिला. आपल्या वाडीचंच ते मोजून-मापून केलेलं रूप.

पण जुनं ते सगळं सोनं, असंही मी म्हणणार नाही. वाडी राबती माणसं मागते. रहाटाला बैल लागायचा, झाडावर चढायला माणूस लागायचा, आणि घरातल्या बायकांच्या कमरेचा हिशोब कोणी ठेवला नाही. शिवाय वाडी संकटापुढे अजिंक्यही नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तो दिवस इथल्या प्रत्येकाला आठवत असेल. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा. मुरूड, श्रीवर्धन भागातल्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली, त्या पोफळी अक्षरशः काडीसारख्या मोडल्या. नारळ नव्याने लावला की धरायला पाच-सात वर्षं जातात. ज्यांचं सगळं उत्पन्न एकाच पिकावर होतं त्यांनी ती वर्षं कशी काढायची? ज्यांच्या वाडीत खाली हळद, अळू, केळी होती त्यांना निदान त्याच वर्षी काहीतरी हाताला लागलं. केळ वादळात पडली तरी बुडातून फुटते. अनेक मजले असण्याचा हाही अर्थ आहे. एक मजला पडला तरी घर राहतं.

आता आपल्या फ्लॅटकडे येते. वाडी काही गॅलरीत मावत नाही, पण तिची रीत मावते.

पहिली गोष्ट, गॅलरी कुठल्या तोंडाची आहे ते बघा. पश्चिमेच्या गॅलरीत समुद्राचा खारा वारा थेट येतो. तिथे कोवळ्या पालेभाज्या करपतात. तिथे कढीपत्ता, गवती चहा, पानओवा, कोरफड ठेवा, आणि त्यांच्या आडोशाला बाकीचं. पूर्वेच्या गॅलरीत माठ, मेथी, पालक, मिरची छान होते. एप्रिल-मेमध्ये दुपारी एक जुनी सुती साडी आडवी बांधली तरी पुरते. भाची रोपांवर काच घालते, आपण साडी घालायची.

दुसरी, माती. नुसती माती भरू नका. एक भाग माती, एक भाग कुजलेलं खत, एक भाग नारळाचा भुसा. ओल्या मातीचं एक घनफूट पन्नास किलोच्या आसपास भरतं. गॅलरी इमारतीच्या बाहेर काढलेली असते, तिच्यावर भार टाकताना इंजिनिअरला विचारा. कुंडीच्या मातीवर वाळक्या पानांचा दोन बोटं जाड थर ठेवा. पाणी निम्मं लागेल, स्वतः करून बघा.

तिसरी, ऋतू. जूनच्या पहिल्या सरींबरोबर वेल लावा. पडवळ, दोडका, काकडी, घोसाळी. सोबत भेंडी. वेल ग्रिलवर चढवला की पावसाळा संपताना तोच उन्हाचा पडदा होतो, ऑक्टोबरच्या उकाड्यात त्याची किंमत कळते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुळा, मेथी, वांगी, टोमॅटो, वाल. अळू, शेवगा, पपई, केळी ही बारमाही मंडळी खाली जमिनीवर.

चौथी, कीड. मावा, तुडतुडे दिसले की लगेच दुकानातली बाटली नको. पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवायची, सकाळी गाळून थोडा साबण घालून संध्याकाळी फवारायची. आठवड्याने पुन्हा. आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचू देऊ नका. डास वाढवून सेंद्रिय भाजी खायची, हा सौदा परवडणारा नाही.

पाचवी, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी, ओला कचरा. आपली चोवीस घरं. घरटी रोजचा अर्धा किलो धरला तर दिवसाला बारा किलो, वर्षाला चार टनांच्या वर. तो आपण प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून गाडीत टाकतो, आणि मग नर्सरीतून खताची पिशवी विकत आणतो! एक घमेलं ओला कचरा, त्यावर दोन घमेली वाळका पाला, असे थर दिले तर वास येत नाही. मुठीत दाबून बघायचं. गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. गळलं तर पाला वाढवा, भुरभुरलं तर पाणी शिंपडा. आठवड्यातून एकदा खालीवर करा. पावसाळ्यात वर पत्रा हवाच. शिजलेलं अन्न आणि माशांचे काटे ढिगात घालू नका, उंदीर येतात. काटे नारळाच्या आळ्यात फूटभर खोल पुरा. मासे धुतलेलं पाणीही तिथेच. वर्षाला टनभर खत आपल्या आवारात तयार होईल.

इथपर्यंत सगळं ज्याच्या-त्याच्या घरातलं झालं. आता जे सगळ्यांचं आहे त्याबद्दल बोलते, कारण येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर ते आहे. इमारतीच्या मागची पट्टी. ती पूर्ण पेव्हर ब्लॉक घालून पार्किंगसाठी घ्यावी, असा ठराव येतो आहे.

आधी हे सांगते की पार्किंगची अडचण खरी आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आपल्याकडे मोजून चार गाड्या होत्या. आज संध्याकाळी उशिरा येणाऱ्याला रस्त्यावर गाडी लावून, पावसातून, सामान आणि म्हातारी आई सांभाळत यावं लागतं. मागे चिखल होतो, गवतात जनावर निघतं, हेही खरं. तेव्हा ज्यांनी ठराव आणला त्यांना झाडांची पर्वा नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल.

पण त्या पट्टीचा हिशोब मांडू. लांबी १२० फूट, रुंदी १८ फूट. म्हणजे सुमारे २०० चौरस मीटर. त्यावर दोन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे वर्षाला चार लाख लिटर पाणी. दहा हजार लिटरचे चाळीस टँकर! सगळं काही मुरत नाही, जोराच्या सरीत बरंच वाहून जातं. निम्मंच मुरलं असं धरा, तरी वीस टँकर. साडेचार हजार चौरस फुटांच्या आपल्या गच्चीचं पाणी वेगळंच, ते आठ लाख लिटरच्या वर, आणि ते आज पाइपातून सरळ गटारात जातं.

आणि त्या पट्टीच्या टोकाला आपली विहीर आहे. ही सगळी जागा पूर्वी वाडी होती, ती विहीर त्या वाडीची. एप्रिलनंतर तिचं पाणी मचूळ लागतं, हे पंप चालवणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. किनाऱ्यावरच्या जमिनीत गोडं पाणी हलकं असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. पावसाने वरून भर पडते, आपण उपसतो. भर कमी आणि उपसा जास्त झाला की खालचं खारं पाणी वर सरकतं. एकदा विहीर खारी झाली की ती पुन्हा गोडी व्हायला वर्षं लागतात, कधी होतही नाही. पट्टी बंद करायची म्हणजे विहिरीच्या तोंडचं पाणी काढून घ्यायचं. गाडीला जागा नंतरही शोधता येते, विहीर शोधता येत नाही.

म्हणून माझी सूचना अशी. फाटकाजवळचे चाळीस फूट गाड्यांना द्यावेत, तिथे सलग फरशी न करता खडी आणि मध्ये फटी असलेले ब्लॉक घालावेत, म्हणजे पाणीही मुरेल. ज्येष्ठांच्या आणि आजाऱ्यांच्या गाड्यांना तिथे पहिला मान. उरलेले ऐंशी फूट मोकळे राहावेत. तिथे कुंपणाच्या भिंतीलगत दोन फूट रुंद चर खणून त्यात सोडणं आणि पाला भरावा, गच्चीचा एक पाइप त्यात सोडावा. भिंतीपासून इमारतीचा पाया पंधरा फूट लांब आहे, सेप्टिक टँक दुसऱ्या टोकाला आहे, त्यामुळे धोका नाही. तरी इंजिनिअरने जागा पाहून आखणी करावी. जास्तीचं पाणी गटारात जाण्याची वाट ठेवावी. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी गच्ची धुऊन येतं, ते सोडून द्यावं. आत्ता उभे आहेत ते दोन नारळ आणि फणस तसेच ठेवून त्यांच्या सावलीत केळी, अळू, हळद. एका कोपऱ्यात खताचे दोन हौद, पत्र्याखाली. गवत कापलेलं, मध्ये पायवाट. नारळ वेळच्या वेळी उतरवायचे, म्हणजे कोणाच्या गाडीच्या काचेवर पडायचे नाहीत.

काम कोण करणार? हा प्रश्न कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच उत्तर देते. वॉचमनदादा आणि घरकामाला येणाऱ्या ताई यांच्यावर ते ढकलायचं नाही. प्रत्येक घराने महिन्याला दोन तास द्यायचे. ज्याला वाकता येत नाही त्याने वही सांभाळायची. वहीत दोनच गोष्टी लिहायच्या. दर रविवारी विहिरीच्या पाण्याची पातळी, आणि पाणी गोडं की मचूळ. शाळेतली मुलं हे काम माझ्यापेक्षा चोख करतील. एक पावसाळा आणि एक उन्हाळा असं वर्षभर करून बघू. वर्षाच्या शेवटी वही सभेपुढे ठेवू. फरक पडला नाही असं वहीने सांगितलं तर ब्लॉक घालायला पट्टी तिथेच आहे. एकदा ब्लॉक घातल्यावर मात्र आपण काय गमावलं ते कुठल्याच वहीत येणार नाही.

सर्वसाधारण सभेला यंदा तरी गणसंख्येअभावी अर्धा तास थांबायला लावू नका. प्रत्येक घरातून माणूस यावं, आणि मत कुठलंही असो, पट्टीवर एकदा चक्कर मारून यावं. सभेआधीच्या रविवारी सकाळी आठ वाजता मी मागे विहिरीजवळ असेन. ज्यांच्या घरी सोडणं साठलेली असतील त्यांनी येताना घेऊन यावीत.

घंटा झाली. नमस्कार.